जाहिरातीचे क्लिक येतात, ऑर्डरी येत नाहीत – साइट हळू असल्याने गिऱ्हाईक जातं का?

बागायतदार_देवगड | २० मार्च, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची देवगडजवळ हापूसची बाग आहे. वडिलांच्या वेळेपासून माल वाशीला जायचा, दलाल देईल तो भाव आणि देईल तेव्हा पैसे. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की थेट घरपोच विकायचं. आधी व्हॉट्सॲपवर ओळखीपाळखीत चाललं, मग गेल्या वर्षी भाच्याने (इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे) वर्डप्रेसवर साइट करून दिली. दिसायला एकदम झकास, वरती ड्रोनने काढलेला बागेचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, खाली फोटो सरकत राहतात, कोपऱ्यात चॅटचा गोळा, इन्स्टाचे फोटो, सगळं.

आता प्रश्न असा की पाडवा दहा दिवसांवर आलाय, पहिला माल निघायला लागलाय, म्हणून गेल्या आठवड्यात फेसबुक-इन्स्टावर जाहिरातीला साडेनऊ हजार घातले. क्लिक आले तेराशेच्या वर. ऑर्डरी आल्या अकरा. त्यातल्या चार नातेवाईकांच्या.

मला वाटलं भाव जास्त पडतोय लोकांना. पण परवा सोलापूरच्या आत्याचा फोन आला, म्हणाली अरे तुझ्या दुकानात नुसता पांढरा पडदा दिसतोय, आंबा कुठाय? माझ्या लॅपटॉपवर तर फटकन उघडते. भाचा म्हणतो आत्याचा फोन जुना आहे. कोणी जाणकार सांगेल का, साइट हळू असल्याने एवढा फरक पडू शकतो का?

---

तळकोकण | २० मार्च, रात्री ११:२२

वेबसायट रवांदे, पेटी केवढ्याक ता आदी सांग.

---

बिटबाइट | २० मार्च, रात्री ११:४८

आत्याचं ऐका, भाच्याचं नंतर बघू.

एक काम करा. जाहिरातीच्या मॅनेजरमध्ये तुम्ही बघताय ते ‘लिंक क्लिक’. तिथेच कॉलम बदलून ‘लँडिंग पेज व्ह्यू’ (क्लिकनंतर पान खरंच किती वेळा उघडलं) लावा आणि आकडा इथे टाका. फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे साइटवर कोण आलं त्याची नोंद ठेवणारा छोटा कोड, बसवलाय ना साइटवर? नसेल तर तो आकडा येणार नाही.

---

बागायतदार_देवगड | २१ मार्च, सकाळी ७:०५

बसवलाय. लिंक क्लिक १,३१२. लँडिंग पेज व्ह्यू ५९०.

हे बाकीचे सातशे लोक गेले कुठे???

---

हिशेबनीस | २१ मार्च, सकाळी ९:३०

रस्त्यातच गेले. तुम्ही रिक्षाचं भाडं भरून त्यांना दुकानापर्यंत आणलंत आणि शटर अर्धं वर जाईपर्यंत ते निघून गेले, भाडं मात्र तुमच्या खिशातून.

सवय म्हणून गणित करून टाकतो. ९,५०० भागिले १,३१२ म्हणजे क्लिकला सव्वासात रुपये, हे बरं वाटतं ऐकायला. पण साइट बघितलेल्या माणसामागे हिशोब केला तर सोळा रुपये. आणि ऑर्डरमागे ८६३. नातेवाईक वजा केले तर साडेतेराशेच्या वर. एका पेटीत उरतात किती हे तुम्हाला माहीत, पण मला तरी हे पदरचं भरल्यासारखं दिसतंय.

---

बिटबाइट | २१ मार्च, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत तुमची साइट उघडून बघितली (लिंक व्यनित, म्हणजे व्यक्तिगत निरोपात, दिलीत त्याबद्दल आभार). सगळं मिळून पान २३ एमबीचं आहे हो. त्यातले १४ एमबी एकट्या ड्रोनच्या व्हिडिओचे. आंब्याचे फोटो फोनमधून काढले तसेच चढवलेत, चार-चार हजार पिक्सेल रुंद, आणि दिसतात मोबाइलवर काडेपेटीएवढे. ब्राउझर बिचारा आधी अख्खं पोस्टर मागवतो आणि मग त्याची काडेपेटी करून दाखवतो.

आता गूगलचं लाइटहाउस नावाचं तपासायचं साधन आहे, क्रोममध्येच असतं. ते मोबाइलची चाचणी घेताना मुद्दाम नेट हळू धरतं, १.६ एमबीपीएस, आणि प्रोसेसरही चौपट हळू करून बघतं. १.६ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ०.२ एमबी. तुमचे २३ एमबी त्या वेगाने यायला ११५ सेकंद लागतील. जवळजवळ दोन मिनिटं! आता सगळं उतरायच्या आधीही थोडंफार दिसायला लागतं हे खरं, पण तुमच्याकडे सगळ्यात वरती व्हिडिओच आहे, त्यामुळे दिसण्यासारखं जे आहे तेच सगळ्यात शेवटी येतं.

लॅपटॉपवर फटकन उघडते कारण तुम्ही ती रोज उघडता, अर्ध्याहून जास्त गोष्टी तुमच्या ब्राउझरने साठवून ठेवल्यात, वर घरी फायबर. गिऱ्हाईक पहिल्यांदाच येतंय, तेही इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमधून, बसमध्ये उभं राहून एका हाताने.

गूगल मुख्य तीन गोष्टी मोजतं. एलसीपी, म्हणजे पडद्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला किती वेळ लागला, अडीच सेकंदांच्या आत हवं. आयएनपी, म्हणजे बोट लावल्यावर पानाने हूं की चूं करायला किती वेळ घेतला, २०० मिलिसेकंदांच्या आत हवं. आणि सीएलएस, म्हणजे वाचता वाचता मजकूर किती उड्या मारतो, ०.१ च्या आत. आणि हे सरासरीने मोजत नाहीत, शंभरातल्या पंच्याहत्तर भेटींना तरी एवढं चांगलं मिळालं पाहिजे अशी अट असते.

तुमची एलसीपी माझ्या फोनवर (चांगला फोन, ऑफिसचं वायफाय) नऊ सेकंद आली. आत्याची कल्पनाच करवत नाही.

---

चिकित्सक_७२ | २१ मार्च, दुपारी ४:४०

थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

एक, सातशे गेले ते सगळे साइट हळू म्हणूनच गेले असं नाही. इन्स्टावर अंगठा चुकून लागतो आणि लोक लगेच मागे जातात. काही फोन पिक्सेलच अडवतात, तेही ‘गेले’ मध्येच मोजले जातात.

दोन, ‘१०० मिलिसेकंद उशीर झाला की ॲमेझॉनची विक्री १ टक्का पडते’ हे वाक्य प्रत्येक एजन्सीवाला पहिल्याच पानावर टाकतो. ते ग्रेग लिंडन नावाच्या तिथल्या जुन्या इंजिनिअरने सांगितलेलं, २००६ च्या आसपासचं. तेव्हा आयफोनही आला नव्हता आणि ते ॲमेझॉन होतं, तुमची बाग नव्हे.

तीन, ज्यांना साइट फटकन दिसते त्यांच्याकडे महाग फोन असतो, म्हणजे खिशात पैसेही असतात. ते जास्त खरेदी करतात त्यात वेगाचं श्रेय किती आणि पगाराचं किती? हे कोणी वेगळं करून दाखवलं तर मी मानतो.

---

बिटबाइट | २१ मार्च, संध्याकाळी ७:२०

तिसरा मुद्दा एकदम बरोबर, मलाही बरीच वर्षं तीच शंका होती. पण वेगळं करून दाखवलंय. व्होडाफोन इटलीने एकच पान दोन प्रकारे केलं, दिसायला डिट्टो, फक्त एक आतून हलकं केलेलं, आणि येणाऱ्या लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्धं इकडे अर्धं तिकडे पाठवलं. म्हणजे महाग फोनवाले दोन्हीकडे सारखेच. हलक्या पानाची एलसीपी ३१ टक्के सुधारली आणि विक्री ८ टक्के जास्त झाली. हे २०२१ मधलं. आपल्याकडचं हवं असेल तर बसची तिकिटं विकणाऱ्या रेडबसने आयएनपीवर काम केलं, म्हणजे बोट लावल्यावरचा अडखळा कमी केला, आणि त्यांनी विक्री ७ टक्के वाढल्याचं सांगितलंय.

आणखी एक जुना किस्सा मला फार आवडतो. गूगलने लोकांना विचारलं होतं की एका पानावर शोधाचे दहा निकाल हवेत की जास्त, लोक म्हणाले जास्त. म्हणून काहींना तीस दाखवून बघितले, तर त्या लोकांचे शोध २० टक्क्यांनी घटले. कारण शोधलं तर पान यायला अर्धा सेकंद जास्त लागत होता, बाकी काही नाही. गूगलच्या तेव्हाच्या अधिकारी मारिसा मायर यांनी २००६ मध्ये एका परिषदेत सांगितलेली गोष्ट आहे. लोकांना विचारलं असतं तर एकानेही ‘अर्ध्या सेकंदामुळे’ असं उत्तर दिलं नसतं.

---

कोपऱ्यातलं_टेबल | २१ मार्च, रात्री १०:०५

मी ई-कॉमर्समध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून राहवत नाही.

२०१५ आठवतंय का कोणाला? तेव्हा वारं सुटलं होतं की वेबसाइट बंद करा, सगळं ॲपवर न्या. मिंत्राने मे महिन्यात साइट बंदच केली. फ्लिपकार्टनेही मोबाइलची साइट बंद करून लोकांना ॲपकडे ढकललं. तेव्हा जिओ यायचं होतं (ते सप्टेंबर २०१६), बऱ्याच लोकांच्या फोनवर टूजी, जागा भरलेली, ॲप उतरवायचं म्हणजे आधी लग्नाचे फोटो डिलीट करा. वर्षभरात दोघंही परत फिरले. फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणलं, ब्राउझरमध्येच चालणारं, हलकं. त्यांनी नंतर आकडे दिले होते, लाइट वापरणाऱ्यांत ६३ टक्के लोक टूजीवरून येत होते, लोक साइटवर तिप्पट वेळ थांबायला लागले, आणि डेटा तिपटीने कमी लागत होता. एवढ्या मोठ्या कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या फोनपुढे मान तुकवायला लागली, आपण कोण?

ता.क. ‘आत्याचा फोन जुना आहे’ हे वाक्य मी मीटिंगमध्ये वेगवेगळ्या इंग्रजीत किमान शंभरदा ऐकलंय.

---

अक्षरजुळारी | २२ मार्च, सकाळी ८:५०

सगळे फोटोंच्या मागे लागलेत, फाँटकडे कोणी बघितलं का? तुमची साइट मराठीत आहे आणि हौसेने चार वेगवेगळे देवनागरी फाँट लावलेत. देवनागरीत जोडाक्षरं, रफार, मात्रा, त्यामुळे एकेका फाँटमध्ये आकार भरपूर, आणि फाइल नुसत्या रोमन फाँटच्या मानाने बरीच जड होते. प्रत्येकाचे साधा आणि ठळक असे दोन-दोन, म्हणजे आठ फायली. आणि त्या येईपर्यंत काही ब्राउझर मजकूर लपवून ठेवतात. आत्याला पांढरा पडदा दिसला त्यात याचाही हात असणार.

एकच फाँट ठेवा (मुक्ता घ्या, किंवा नोटो), डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या दाबून लहान केलेल्या प्रकारात, आणि सेटिंगमध्ये ‘स्वॅप’ करा, म्हणजे फाँट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरात तरी मजकूर दिसतो. फक्त एक सांभाळा, फाइल लहान करायच्या नादात भाच्याने ‘नको असलेली’ अक्षरं छाटली तर जोडाक्षरं तुटतात, मग रत्नागिरीचं ‘रत्‌नागिरी’ होतं आणि लोक नकली आंबा समजतात.

---

जर्सीकर | २२ मार्च, सकाळी ९:१५

मी न्यू जर्सीत असतो, सांगलीला आईबाबांसाठी काल तुमच्याकडूनच दोन पेट्या मागवल्या. गंमत म्हणजे मला साइट ठीकठाक उघडली.

पण ‘ऑर्डर करा’ दाबलं तर काहीच हललं नाही. परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर एकदम पुढे गेली आणि आता मला दोन ऑर्डरींच्या मेल आल्यात. एक रद्द कराल का प्लीज? आईबाबा दोघेच आहेत, चार पेट्या कोण खाणार.

---

बिटबाइट | २२ मार्च, सकाळी १०:३०

@जर्सीकर, तुमच्याकडे बरी उघडते कारण यांचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवलेला सर्व्हर, अमेरिकेत आहे! स्वस्त पॅकेज घेताना भाच्याने जागा न बघताच पुढे-पुढे केलेलं दिसतंय. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. देवगडचा आंबा सोलापूरच्या आत्याला दाखवायला विनंती अमेरिकेत जाऊन येते, एका फेरीला पाव सेकंदाच्या आसपास, आणि पान उघडायला अशा फेऱ्या कितीतरी होतात. सर्व्हर मुंबईत घ्या, किंवा पुढे सीडीएन लावा, म्हणजे फोटो वगैरेच्या प्रती जवळच्याच शहरातून दिल्या जातात.

आणि बटणाचं म्हणजे आयएनपीचं जिवंत उदाहरण. चॅटचा गोळा, इन्स्टाचे फोटो, पॉप-अप, तीन वेगवेगळे ट्रॅकर, सगळ्यांची जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) एकाच वेळी प्रोसेसरला कामाला लावते, मग तुमच्या बोटाकडे बघायला त्याला सवड नाही. हे नेट वाढवून सुटत नाही, फोनचा मेंदूच अडकलेला असतो. दाबल्या दाबल्या बटण बंद करून ‘ऑर्डर घेतोय, थांबा’ एवढं दाखवलं असतं तरी डबल ऑर्डर टळली असती.

---

बागायतदार_देवगड | २२ मार्च, सकाळी १०:५२

@जर्सीकर दुसरी रद्द केली, पैसे परत पाठवतोय, माफ करा.

आत्ता लक्षात येतंय, गेल्या वर्षी अशा डबल ऑर्डरी सात-आठ आल्या होत्या. मी समजत होतो लोकांना आंबा आवडला.

---

सावकाश | २२ मार्च, दुपारी ३:००

बागायतदार, दुरुस्ती केल्यावर आकडे बघून घाबरू नका, म्हणून आधीच एक सांगून ठेवते.

यूट्यूबमध्ये ख्रिस झकारायस नावाचा इंजिनिअर होता. व्हिडिओचं पान १.२ एमबीचं झालं होतं, त्याने ते छाटून छाटून १०० केबीच्या खाली आणलं. थोड्या लोकांवर सोडून बघितलं तर सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला! बिचारा डोकं धरून बसला. मग देशवार बघितलं तेव्हा उलगडलं, आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सैबेरिया इथून अचानक माणसं यायला लागली होती. जुनं पान त्यांच्याकडे उघडायला वीस मिनिटं लागायची, म्हणजे ती कधी मोजणीत आलीच नव्हती. आता दोन मिनिटांत उघडत होतं, म्हणून ती थांबत होती, आणि त्यांच्या दोन मिनिटांनी सगळ्यांची सरासरी वर ढकलली.

तेव्हा तुमच्या पिक्सेलला आत्या अजून दिसलेलीच नाही. ती दिसायला लागली की सरासरी बिघडेल, बिघडू द्या.

---

चिकित्सक_७२ | २२ मार्च, दुपारी ३:४५

@सावकाश, हे मात्र भारी. पटलं.

@बिटबाइट, व्होडाफोनचंही मान्य. पण बागायतदारांनी साइट बदलून झाल्यावर पाडव्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून नाचू नये, सीझन चढत जातो तशा ऑर्डरी तशाही वाढतात. क्लिक ते पान हा भाग बघा, त्याला सणवार फारसा लागत नाही.

---

बागायतदार_देवगड | ९ एप्रिल, रात्री १०:३०

मंडळी, पाडव्याच्या गडबडीत इकडे यायला जमलं नाही. काय काय केलं ते सांगतो.

आधी भाच्याशी भांडण. ड्रोनचा व्हिडिओ काढायचा म्हटल्यावर दोन दिवस बोलला नाही, त्यासाठी त्याने मित्राचा ड्रोन आणून एक फणसाच्या झाडावर अडकवला होता. शेवटी तोडगा असा की व्हिडिओ सगळ्यात खाली, दाबला तरच सुरू होतो. वरती आता एकच फोटो, उघडी पेटी आणि पेंढा, ८०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या प्रकारात ७० केबी. सरकणारे फोटो गेले. खालच्या फोटोंना ‘लेझी’ लावलंय, म्हणजे माणूस खाली सरकला तरच येतात. भाच्याने पहिल्यांदा हौसेने वरच्या फोटोलाही लेझी लावलं होतं, त्याने उलट उशीर होत होता, ते काढलं. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली, त्यामुळे भाव वाचता वाचता पान उडी मारत नाही. फाँट एक. चॅटचा गोळा, इन्स्टा, पॉप-अप बंद, त्याऐवजी साधी व्हॉट्सॲपची लिंक. होस्टिंग मुंबईला हलवलं, वर्षाला थोडे पैसे जास्त गेले. पान आता ९०० केबीच्या आत आहे.

गूगलच्या पेजस्पीड या वेग तपासायच्या साइटवर खऱ्या लोकांचा डेटा मात्र दिसत नाही, ‘पुरेसा डेटा नाही’ म्हणतं. बिटबाइट म्हणाले लहान साइटला असंच येतं, म्हणून मी शेजारच्या वखारीतल्या पोराचा सहा हजारवाला फोन घेऊन गाडीतळावर, जिथे एकच काडी रेंज येते तिथे उभा राहून घड्याळ लावलं. पहिल्यांदा भाव दिसला साडेचार सेकंदांत. आधी त्याच जागी मी चाळीसपर्यंत मोजून सोडून दिलं होतं.

जाहिरात तेवढ्याच पैशांची परत केली. लिंक क्लिक १,२४० आणि लँडिंग पेज व्ह्यू १,०१५. ऑर्डरी ४७, पण चिकित्सकांचं ऐकून त्यावर नाचत नाही, पाडवा होता मध्ये. डबल ऑर्डर एकही नाही.

---

हिशेबनीस | ९ एप्रिल, रात्री ११:०२

ऑर्डरमागे २०२ रुपये. पाडव्याचे अर्धे वजा केले तरी चारशेच. भाच्याला दुसरा ड्रोन घेऊन द्या.

---

कोपऱ्यातलं_टेबल | ९ एप्रिल, रात्री ११:१५

आत्या काय म्हणाली ते सांगा, आम्हाला तेच ऐकायचंय.

---

बागायतदार_देवगड | १० एप्रिल, सकाळी ६:५०

आत्याकडे आता लगेच उघडते. परवा फोन आला, म्हणाली दिसलं रे बाबा सगळं, भाव पण दिसला. मग जरा थांबून, ‘घरच्यांना पण हाच भाव का?’

---

तळकोकण | १० एप्रिल, सकाळी ८:१०

तरी पेटी केवढ्याक ता अजून सांगूक नाय.

---

बागायतदार_देवगड | १० एप्रिल, सकाळी ८:१४

सायटीर लिवलंय. आता उघडता ती.